काहून काकाजी

आमच्या इमारतीत ज्यांना काहीच कळत नाही असे एकच गृहस्थ होते. बाकी आम्हा सगळ्यांना सगळं कळतं. देशाचं काय चुकतंय ते कळतं, शेजाऱ्याच्या मुलाने कुठे शिकायला जावं ते कळतं आणि गुडघ्याला काय चोळावं ते तर डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी या ज्ञानाचा पूर येतो. त्या पुरात तिसऱ्या मजल्यावरून एक मेसेज न चुकता यायचा. त्याची सुरुवात ठरलेली असायची : ‘मले एक समजून नाही राहिलं.’ आणि शेवटही ठरलेला : ‘काहून?’ म्हणजे आपलं ‘का?’

म्हणून ते काहून काकाजी. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडली नाही. मूळचे काटोलकडच्या संत्रावाल्या घरातले. वाडी धाकट्या भावाकडे सोपवून हे कळमेश्वरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागले, तिथेच रिटायर झाले आणि काकूंना घेऊन नागपूरला, बेस्यातल्या आमच्या इमारतीत राहायला आले. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर ब्लडप्रेशरला. काकाजी कंप्युटरला लागले. भंगारातून जुने कंप्युटर आणायचे, खोलायचे, एकाचा भाग दुसऱ्यात घालायचे. त्यांच्या हॉलमध्ये एक कंप्युटर चालू असायचा, एक बंद असायचा आणि तिसरा कशासाठी होता ते त्यांनाही समजून राहिलं नव्हतं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते. त्यामुळे काकाजींच्या लेखी मी ‘कंप्युटरवाली’. माझी मिटिंग रंगात आली की दाराची बेल वाजायची आणि बनियन-पायजम्यातले काकाजी उभे. ‘पोरी, कामात आहे काय वं? नाही, मले एक समजून नाही राहिलं.’ सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. मी दार अर्धंच उघडायचे. पण त्यांचा प्रश्न ऐकला की उरलेलं दार आपोआप उघडायचं.

प्रश्न तरी काय एकेक! ‘फोन सांगून राहिला, बेस्यात पाऊस सुरू आहे. मी बेस्यात गॅलरीत उभा आहो. कोरडा आहो. मंग भिजून कोण राहिलं?’ किंवा, ‘बातम्यांत रोज म्हणतात, सूत्रांनी सांगितलं. हे सूत्र राहतात कुठं? त्याइच्या घरच्यायले माहीत असते काय, हे बाहेर काय सांगत फिरते म्हणून?’ एकदा कुठलासा फॉर्म भरताना कंप्युटरने त्यांना विचारलं की तुम्ही यंत्र तर नाही ना, आणि सिग्नलची चित्रं ओळखायला लावली. काकाजी पुन्हा पुन्हा नापास होत होते, कारण ते सिग्नलबरोबर त्याचा खांबही निवडायचे. ‘खांबाशिवाय सिग्नल उभा राहते काय?’ त्यांनी मला विचारलं. अख्खी नोकरी मेन्टेनन्समध्ये काढलेला माणूस खांब सोडायला तयार नव्हता. मी माझ्या कंपनीत हाच प्रश्न विचारून पाहिला. तिथेही दोन तट पडले.

सगळेच प्रश्न हसण्यासारखे नसायचे. कारखान्यातला त्यांचा एक जोडीदार वारला होता. त्याच्या वाढदिवसाला फोनने काकाजींना आठवण करून दिली : मित्राला शुभेच्छा द्या. त्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, ‘मले समजून नाही राहिलं, शुभेच्छा देऊ का नको. मंग देऊन टाकल्या. त्याच्या घरी कोणी तरी फोन पाहत असन.’ याच्यावर अंगठे दाखवावेत की हात जोडावेत हे ग्रुपवर कुणालाच ठरवता आलं नाही.

आमच्या सेक्रेटरी साहेबांचं मात्र कधीच अडत नाही. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, बहुतेक वेळा दुसऱ्याने फॉरवर्ड केलेलं. ते काकाजींना सविस्तर समजावून सांगायचे. काकाजी ते पूर्ण वाचायचे आणि मग लिहायचे, ‘पहिले अर्धंच समजून नव्हतं राहिलं, आता पूर्णच नाही राहिलं.’ यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटायचं आणि त्याची लाज वाटायची नाही. ‘समजून नाही राहिलं तं खोलून पाहू,’ हे त्यांचं पुढचं वाक्य. खिशात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असायचाच. काकू म्हणायच्या, ‘लग्नात अंतरपाटाच्या मागं पण असनच यांच्यापाशी.’

मग ते बोलणारे, कशाचंही उत्तर देणारे कंप्युटर आले. मला वाटलं, आता माझी सुटका झाली. काकाजींनी मोठ्या हौसेने त्याच्याशी गप्पा सुरू केल्या. संत्र्याचं फूल का गळतं ते विचारलं. त्याने सांगितलं. ‘माझी बायको आज काहून रागावली?’ असं विचारलं. त्याने त्याचीही लांबलचक कारणं दिली. काकाजी खाली आले ते तोंड पाडून. ‘ह्याले एक डाव पण म्हणता नाही आलं, का मले माहीत नाही म्हणून. पोरी, ज्याले सगळंच समजते ना, त्याच्यात काही तरी बिघाड असते.’ यावर त्यांनी मला कारखान्यातला नियम सांगितला. मशीन कुरकुर करत असेल तर घाबरायचं नाही, ती जित्ती आहे. चालती मशीन चुपचाप झाली की मात्र हातातलं जेवण टाकून धावायचं.

पण काकाजी खरे गाजले ते कूलरमुळे. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. माणसं तापतात तिथे भंगारातल्या कंप्युटरची काय कथा! तो दुपारी बंद पडायचा. काकाजींनी हॉलच्या कूलरच्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं बसवलं आणि सगळी हवा थेट कंप्युटरच्या डब्यात सोडली. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली गार, ओली, सुगंधी हवा. कंप्युटर मजेत चालायला लागला. काकू पदराने वारा घेत बसल्या. मी म्हटलं, ‘काकाजी, अहो, ही पाण्याची हवा आहे. आतले सगळे भाग गंजतील.’ ते म्हणाले, ‘आपण जलमभर कूलरपुढं झोपलो, आपल्याले काहून नाही चढला गंज?’

पावसाळ्याच्या तोंडाला कंप्युटर मेला. खोलून पाहिला तर आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि तांब्यावर हिरवं. वाळ्याचा वास मात्र अजून येत होता. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. काकाजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘मले एक समजून नाही राहिलं. गंज या बाजूले आहे, त्या बाजूले नाही. काहून?’ पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी नळकांड्याला बाक दिला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मध्ये कापसाची गाळणी बसवली. कंप्युटर दरवर्षी वेगळ्या ठिकाणी गंजायचा आणि काकाजी दरवर्षी तितकेच खूश व्हायचे. होळी झाली की ताट्या बदलायच्या आणि कंप्युटरला कूलर जोडायचा, हा त्यांच्या घरचा सणच होऊन बसला होता.

हे सगळं कधी बदललं ते मला नीट सांगता येत नाही. मी खूप आठवून पाहिलंय. गेल्या दिवाळीनंतर केव्हातरी सेक्रेटरींनी ग्रुपवर पाण्याच्या वेळा बदलल्याचं लिहिलं. ते लिहिणं इतकं गोंधळाचं होतं की मलाच कळलं नाही. खाली काकाजींचं उत्तर आलं, ‘समजलं.’ मग दुसऱ्या दिवशीही, कशावर तरी, ‘हो हो, समजलं.’ सेक्रेटरींनी लिहिलं, ‘अखेर काकाजी शहाणे झाले!’ आणि ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. माझ्या दाराची बेलही वाजेनाशी झाली. मिटिंगा शांतपणे पार पडू लागल्या आणि मला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, पण काय ते कळायचं नाही.

ते काकूंना कळलं. एका दुपारी त्या खाली आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. ‘हे चुपचाप झाले वं,’ त्या म्हणाल्या. ‘काहीबी सांगा, समजलं म्हणतात. सिलेंडरवाला आला, समजलं. भावाचा फोन आला, समजलं. फोन ठेवल्यावर मले विचारलं, कोण होतं म्हणून. मले भेव वाटून राहिलं पोरी.’

धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं. आठवणींचा धागा सुटायला लागला की माणूस ते लपवायला ‘हो’ म्हणायला शिकतो. काकाजींनी तेही मान डोलवून ऐकलं आणि म्हणाले, ‘समजलं डॉक्टरसाहेब.’ पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने ठरवलं की होळीनंतर दोघांना आपल्याकडे न्यायचं. काकूंनी वाद घातला नाही. फक्त मला म्हणाल्या, ‘तू त्याइच्यापाशी बसत जा वं थोडा वेळ. जायच्या पहिले एक डाव ‘काहून’ म्हणाले पाहिजे हे. पुण्याले माझ्या सोबत हेच आले पाहिजे. दुसरं कोणी घेऊन नाही जाणार मी.’

मग मी रोज काम संपलं की वर जाऊन बसू लागले. इतकी वर्षं उत्तरं शोधत काढली, आता मी प्रश्न निघेल असं काहीतरी शोधत होते. कंप्युटरने बनवलेली खोटी चित्रफीत दाखवली. त्यात एक बैल विमान चालवत होता. काकाजी म्हणाले, ‘समजलं.’ मी माऊसची वायर काढून ठेवली आणि म्हटलं, ‘काकाजी, बाण का हलत नाहीये?’ ते हसले आणि म्हणाले, ‘होते असं.’ त्यांचं ते समजूतदार हसू बघवत नव्हतं. एकदा तर मीच ग्रुपवर लिहिलं, ‘मले एक समजून नाही राहिलं,’ आणि बेस्यातल्या पावसाचा त्यांचाच जुना प्रश्न टाकला. काकाजींनी वाचला आणि फोन बाजूला ठेवला. सेक्रेटरींनी मात्र मला ढग कसे बनतात ते पाठवलं.

ती दोघं आता पुण्यात आहेत. त्यांच्या घरात नवे भाडेकरू आले आहेत, त्यांना सगळं कळतं. मला सांगायचंय ते निघण्याच्या आदल्या दिवसाचं.

होळी होऊन गेली होती आणि ऊन लगेच चटके देऊ लागलं होतं. हॉलभर चिकटपट्ट्या लावलेली खोकी होती. कंप्युटर तेवढा टेबलावर राहिला होता, कारण तो कुठे न्यायचा की भंगारात द्यायचा हे काकूंना ठरवता येत नव्हतं. मी आवराआवरीला म्हणून गेले तर काकू गॅलरीतून कूलर ओढत होत्या. बाजूला नव्या वाळ्याच्या ताट्या. ‘उद्या निघायचंय ना काकू?’ मी विचारलं. ‘निघायचं आहे ना. पण होळी झाली,’ त्या म्हणाल्या. मला काही पटलं नाही, पण मी कूलरची दुसरी बाजू धरली. ताट्या बसवल्या, पाणी भरलं, माळ्यावरून ते बाकदार नळकांडं काढलं. काकाजी खुर्चीत बसून आमच्याकडे पाहत होते, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे. नळकांड्याचं एक टोक कूलरला आणि दुसरं कंप्युटरला लावून काकूंनी बटण दाबलं.

खोलीभर वाळ्याचा वास पसरला. काकाजी उठले. नळकांड्याच्या फटीशी त्यांनी तळहात धरला आणि ओला झालेला तो हात पायजम्याला पुसला. मग कूलर पाहिला, कंप्युटर पाहिला, पुन्हा कूलर पाहिला. कपाळावर आठ्या आल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्या आठ्या पाहत होते.

‘काय वं पोरी,’ ते म्हणाले, ‘येडी झाली काय तू? पाण्याची हवा कंप्युटरमध्ये काहून सोडून राहिल्या तुमी? गंजन ना ते. मले तं काहीच समजून नाही राहिलं.’

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या का रडत होत्या ते मला कळलं नाही. माझंही तेच झालं होतं. हा उद्योग त्यांचाच, आणि त्यावरची शंका माझी. त्यांच्या तोंडून मला ती परत कशी मिळाली, आणि यात आनंद मानायचा की दुःख, काही उमगेना. ग्रुपवर त्यांची नक्कल केली ती सोडली तर मी जन्मात कधी वऱ्हाडी बोलले नव्हते. त्या दिवशी तोंडातून निघालं, ‘मले पण नाही समजून राहिलं, काकाजी.’

‘मंग असं उभं राहून काय होते,’ ते म्हणाले. ‘खोलून पाहू ना. पेचकस आण.’

पेचकस कुठल्या खोक्यात गेला होता देव जाणे. सकाळी ट्रक यायचा होता. काकू खाली बसल्या आणि सबंध आठवडा खपून बांधलेल्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या एकामागून एक टराटरा फाडू लागल्या.