मीठुं म्हणजे मीठ

नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या एका कचेरीत टायपिस्ट होते. कापडवाल्यांची, हिरेवाल्यांची परदेशी पत्रं तिथं भाषांतर करून मिळायची. राहायला डिंडोलीला, मराठी कामगारांच्या वस्तीत. एका हॉटेलवाल्यानं कलकत्त्याहून चिनी आचारी आणला आणि फ्रेंच केकच्या पाककृती त्याच्यासाठी चिनीत लिहून मागितल्या. शेठ मला म्हणाला, "माणसं शोधून दे, भाषांतराचं टेबल तुझं."

टेबल म्हणजे बढतीच, त्यासाठी मी चपला झिजवल्या. फ्रेंचचं थेट चिनी करणारा सुरतेत कुठून मिळायचा? शेवटी बेल्जियमहून परतलेला एक हिरेदलाल सापडला, तो फ्रेंचचं गुजराती करणार. मग हाँगकाँगला वाढलेली एका कापडवाल्याची सून सापडली, ती गुजरातीचं चिनी करणार. आणि शेठनं हॉटेलवाल्याला काय सांगावं? "माझ्या भाच्यानं शोधले!" टेबलही भाच्यालाच. मी विचारलं तर म्हणतो, "डिंडोलीवाल्यांना टेबलावर कोण बसवतं, बेन?" असा संताप आला म्हणून सांगू!

मग त्या सुनेचा फोन आला. दलालानं 'मीठुं क्रीम' लिहिलं होतं आणि तिचं गुजराती कच्चं. मीठुं म्हणजे मीठच ना, असं विचारत होती. गुजरातीत मीठुं म्हणजे मीठ आणि मीठुं म्हणजे गोडसुद्धा. मी गुजराती शाळेत शिकलेली, इथं गोड हे मला लगेच कळलं. मी सांगणार तेवढ्यात भाच्यानं रिसीव्हर हिसकावला. "तू टाइप कर गं. हां बेन, मीठच!"

म्हटलं, बरं बाबा. जा खड्ड्यात.

हॉटेलच्या उद्घाटनाला शेठ आम्हा सगळ्यांना घेऊन गेला. पाहुण्यांनी केकचा पहिला घास घेतला आणि सगळे रुमाल शोधायला लागले. एक जाडजूड बाई तर थेट मोरीकडे पळाली. मला इतका आनंद झाला, की हसू लपवायला पदर तोंडात कोंबावा लागला. आचारी बिचारा हातातला कागद दाखवत होता, लिहिलं तसंच केलं म्हणून.

हॉटेलवाला गरजला, "ही माणसं आणली कोणी?"

शेठनं खुशाल माझ्याकडे बोट केलं.

"अहो, असं काय करता?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "भाच्यानं शोधले ना? तुम्हीच यांना सांगितलंत!"

भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. शेठनं मला दाराबाहेर गाठलं.

"माझं मीठ खाऊन माझ्यावरच उलटलीस?"

"तुमचं मीठ आज पाहुण्यांनी खाल्लं, शेठ," मी म्हणाले आणि डिंडोलीची रिक्षा पकडली.