फुफी बसून राहिली तेव्हा

आमच्या घरातल्या नाचाला बायका नुसतं ‘कमर’ म्हणायच्या. निजामाचं राज्य होतं, आम्ही परंड्यात राहायचो. मी बारा वर्षांची झाले तेव्हा फुफीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, मला तो शिकवायला घेतला. मला वाटलं, आता कंबर हलवायला मिळणार. कसलं काय! आठ दिवस तिनं मला नुसतं ऐकायला बसवलं. पणजोबा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले. बाकीचे शिपाई एकटेच आले आणि त्यांनी इथल्याच बायका केल्या. आमची पणजी मात्र नवऱ्यासोबत जहाजातून आली, आणि इथं जन्मलेल्या सुनांना तिनं हा नाच शिकवला. पुरुषांनी खंजीर आणले, ते गंजून गेले. बायकांनी आणलेलं टिकलं, याचा मला आजही लई अभिमान आहे.

मग नाच. खांदे स्थिर, हलायचं ते फक्त कंबर आणि पोट. ताल पालथ्या घागरीवर. बघायला फक्त बायका. आणि लग्नात नवरीच्या फुफीनं पहिलं उठायचं. ती बसून राहिली, तर मुलीकडच्यांना सोयरीक पसंत नाही असं समजायचं.

त्याच वर्षी आपाचं, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरा उस्मानाबादचा, कचेरीत कारकून. ते काही अरब नव्हते. सासूनं निरोप धाडला, ‘असले नाच नायकिणींच्या कोठीवर होतात, माझ्या सुनेच्या घरी नकोत.’ वडील घाबरले. सोयरीक मोडायला नको म्हणून त्यांनी फुफीला गप्प बसायला सांगितलं.

मेंदीच्या दुपारी दोन्हीकडच्या बायकांनी खोली भरली. फुफी मांडीवर हात ठेवून बसली. आमच्या सगळ्या बायका खाली मान घालून बसल्या. आपाचे डोळे तर भरूनच आले. सासूनं विचारलं, एवढं झालंय तरी काय? माझं डोकंच फिरलं.

मी म्हणाले, “आमच्यात फुफी नाचली न्हाय, तर सोयरीक पसंत न्हाय असं समजतात. तुम्हीच तिला बसवलंय.”

अम्मीनं मला चिमटा काढला. सासू फुफीला म्हणाली, हे तुम्हाला कुणी शिकवलं? फुफीनं पणजी सांगितली, जहाज सांगितलं, सुना सांगितल्या, सगळं. शेवटी सासू उठली, तिनं दार लोटलं आणि कडी नव्हती म्हणून स्वतःच दाराला पाठ लावून बसली.

फुफीनं ओढणी कमरेला बांधली. पन्नाशीची बाई, पण खांदा हलला असेल तर शपथ!

घागरीचा आवाज ऐकून वडील धावत आले आणि बाहेरून दार ठोठावायला लागले. बंद करा, पाहुण्यांना राग येईल, म्हणाले.

“भाईसाब, जरा थांबा,” सासू आतून म्हणाली. “तुमच्या बहिणीनं अजून माझ्या मुलाला पसंत केलं न्हाय.”