अंथरूण वाचणाऱ्या आत्या

हॉटेलात त्यांना सगळे आत्या म्हणतात. कोणाच्या आत्या, हे कोणालाच ठाऊक नाही. मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी हॉटेल घेतलं तेव्हाही त्या आत्याच होत्या."

नऊ खोल्यांचं ते छोटं बुटीक हॉटेल एका अरुंद गल्लीत आहे. खाली चष्म्याचं दुकान, बाजूने जिना, वर तीन मजले. प्रत्येक खोली वेगळी सजवलेली. माझ्या पत्नीच्या गळ्यातली गाठ काढायची होती आणि इस्पितळ तिथून चालत सात मिनिटांवर होतं, म्हणून मी ते शोधून काढलं. दोन आठवडे वेगवेगळ्या हॉटेलांबद्दल पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचून, तुलना करून मगच खोली ठरवली होती. कागदाच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम छत्तीस वर्षं केलेला माणूस मी. खात्री केल्याशिवाय काही हलवत नाही.

आम्ही गुरुवारी पोहोचलो. शस्त्रक्रिया सोमवारी व्हायची होती. शुक्रवारी सकाळी नाश्त्याला जाण्याआधी मी सवयीप्रमाणे अंथरूण आवरलं. चादर ताणली, कोपरे दुमडले, उशा सरळ केल्या. परत आलो तर आत्या दारात उभ्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या.

"साहेब, हे तुम्ही केलंत?"

"हो. तुमचं काम तेवढंच कमी."

"तुम्ही काम कमी नाही केलंत, माझी पाटी पुसलीत. उद्यापासून हात लावू नका."

मला वाटलं, बाई संकोचाने बोलतेय. शनिवारीही मी अंथरूण आवरलं, रविवारीही आवरलं.

आत्या आधी अठरा वर्षं एका इस्पितळात आया होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टरने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: आधी अंथरूण बघायचं, मग पेशंटला विचारायचं. पेशंट लाजेखातर खोटं बोलतो, चादर बोलत नाही. आत्यांचा नवरा भिंती रंगवायचा. त्याची पाठ गेल्यावर इस्पितळातल्या रात्रपाळ्या सोडून त्यांनी हे दिवसाचं काम धरलं, पण सवय काही सुटली नाही. पहिल्या रात्रीनंतर पाहुण्याची उशी दुमडलेली दिसली की दुसऱ्या दिवशी तिथे जाड उशी येते. कोणी पायाकडची चादर उपसून काढलेली असेल तर त्या ती पुन्हा खोचत नाहीत. एक गृहस्थ दर महिन्याला कामासाठी येतात आणि दोघांच्या पलंगाच्या एकाच बाजूला झोपतात. दुसऱ्या बाजूला सुरकुतीही नसते. आत्या ते यायच्या आधी दुसरी उशी काढून कपाटात ठेवतात. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "रिकामी उशी कशाला बघत बसायची त्यांनी?"

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी आम्ही पाच जणं आणि गाद्या दोन. तिथे कोण कसं झोपलं बघायला गेले, तर कामावर कोण येणार?"

सोमवारी इस्पितळात पत्नीचा रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तर निघाला. तासाभराने पुन्हा घेतला, एकशे चौऱ्याहत्तर. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळी वाढवू, गुरुवारी पाहू. शनिवारी मी तीन आठवडे बाहेर चाललोय. गाठ वाढतेय, मला ती तितके दिवस ठेवायची नाही. झोप होते का नीट?"

"होते," पत्नी म्हणाली.

मीही कागद पुढे केला. रोज सकाळी तिला विचारून मी त्यावर लिहीत होतो. चारही दिवसांपुढे 'झोप: ठीक' असं होतं.

आम्ही हॉटेलात परतलो. पत्नी खाली मालकीणबाईंशी बोलत थांबली, मी वर आलो. आत्या व्हरांड्यात टॉवेल मोजत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं. मी सगळं सांगितलं.

"वहिनी झोपतात का?"

"झोपते. मी रोज विचारतो."

"विचारून कळत असतं तर काय हवं होतं. उद्या अंथरुणाला हात लावलात तर मी खोली साफ करणार नाही. सांगून ठेवते."

मंगळवारी मी हात खिशात घालून बसलो. साडेसातला आत्या आल्या आणि पलंगाभोवती एक फेरी मारली.

"ही तुमची बाजू. इथे रात्रभर कुस्ती झालीय." मग पलीकडे गेल्या. "आणि ही वहिनींची. इथे कोणी झोपलेलंच नाही. काठावर बसल्याची खूण आहे तेवढी." खिडकीजवळच्या खुर्चीवरची गादी त्यांनी हाताने दाबून पाहिली. ती मधोमध खोल बसली होती. "वहिनी, किती रात्री इथे काढल्यात?"

पत्नीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाच."

मी एकदा आडवा झालो की सकाळीच उठतो. मला पत्ताच नव्हता.

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? घरी एकतीस वर्षं मी भिंतीकडेला झोपते. पाठीला भिंत लागली की मला झोप येते. हा पलंग खोलीच्या मधोमध. बेटावर झोपल्यासारखं वाटतं, सारखी पडेन की काय अशी भीती. तुम्ही इतकं शोधून हे हॉटेल घेतलंत. त्यात रोज सकाळी उठून इतकं सुरेख अंथरूण घालायचात. त्याच्याकडे बघून कुरकुर करायची लाज वाटायची."

म्हणजे तिच्या तोंडाला कुलूप मीच घातलं होतं, आणि तेही चार कोपरे नीट दुमडून.

आत्या लगेच खाली गेल्या आणि मालकीणबाईंना घेऊन आल्या. मालकीणबाई तरुण, नीटनेटक्या. त्यांनी खोलीवर नजर फिरवली.

"आत्या, लोक या खोलीचा फोटो बघून येतात. पलंग मध्ये, दोन्हीकडे लोंबते दिवे. सगळं त्यावरच बेतलंय."

"फोटोत कोणी झोपत नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे यांचं."

"पण फरशीवर चरे पडले तर?"

"खाली घोंगड्या घालू. पडलाच चरा, तर त्यावर मी गालिचा टाकीन आणि तुम्हीही म्हणाल, काय शोभा आली."

मालकीणबाई हसल्या. मग त्यांनीच बाह्या वर केल्या आणि एक कोपरा धरला. आत्या हुकूम सोडत होत्या, "साहेब, उचला, ढकलू नका. मालाची गाडी नाही ती." पलंग भिंतीला लागला. एक दिवा आता खोलीच्या मधोमध लोंबू लागला आणि दिवसभरात दोनदा माझ्या कपाळावर आदळला.

त्याच दुपारी पत्नी भिंतीला पाठ लावून तीन तास झोपली. मी खुर्चीत बसून होतो आणि पेपरचं पान उलटायचीही मला भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी आत्यांनी चादर पाहिली. मग खुर्चीवरची गादी झटकून फुलवून ठेवली. संध्याकाळी रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस होता. गुरुवारी सकाळी एकशे अडतीस. डॉक्टर म्हणाले, "गोळी छान लागू पडली." मी वाद घातला नाही. गोळीचंही काम असणारच.

तिला आत नेलं दहाला. मी दोन तास चाळीस मिनिटं बाकावर बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले, अंगठा दाखवला, तेव्हा जिवात जीव आला. पहिला फोन मुलीला केला. दुसरा हॉटेलात केला आणि आत्यांना बोलावून घ्यायला सांगितलं. त्या जिना चढून-उतरून आल्या असाव्यात, धाप ऐकू येत होती.

"निघाली?"

"निघाली. सगळी."

"वहिनी?"

"झोपलीय."

"झोपू द्या. आणि तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नसणार, ते खा. माझ्या दोन खोल्या राहिल्यात." आणि फोन ठेवला.

गाठीचा अहवाल आठ दिवसांनी आला, तोवर आम्ही हॉटेलातच राहिलो. काळजीचं काही नव्हतं. अहवाल हातात पडल्यावर पत्नी मला खालीच थांबायला सांगून एकटी तिसऱ्या मजल्यावर गेली. आत्या तिथे खोल्या आवरत होत्या. आवाज अजून पुरता फुटत नव्हता तिचा, तरी पाऊण तास खाली आली नाही. वर दोघींचं काय बोलणं झालं, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोघी मिळून चादरी घालत होत्या, एवढं मालकीणबाईंकडून कळलं.