झुरळांनी न खाल्लेला डबा

माझ्या थोरल्या जावेने, शांताक्काने, मला फसवलं. मी केलेला पुठ्ठ्याचा डबा तिने लांबवला आणि झुरळांनी खाल्ला म्हणून सांगितलं.

आज नवी पेठेतल्या माझ्या लेस-बटणांच्या दुकानात खोकी चिकटवायला मैद्याची खळ शिजवली. त्या गरम, कच्चट वासासरशी ती जुनी दुपार समोर आली. कापड दुकानदाराशी हुज्जत घालून फुकट मिळवलेल्या, ताग्यांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मी कापून उभ्या चिकटवत होते. एक कात्रीला, एक सुयांना. खाली काडेपेट्यांचे खण आणि ते ओढायला जुनी बटणं. माझं शिवणाचं पहिलंवहिलं सामान त्यात राहणार होतं. अक्का शेजारी मेथी निवडत होती.

“आधी नळ्या लावल्यास का खण?”

“खण.”

“आन् खळीत ते निळं काय घातलंस गं?”

“मोरचूद. झुरळं तोंड लावत न्हाईत.”

“लई हुशार हाईस की!”

तेव्हा मला ते कौतुक वाटलं. आता वाटतं, उद्या कुणी ‘डबा कसा केलास’ विचारलं तर काय सांगायचं, याची ती तयारी करत होती. तिच्या मुलीच्या शिवणक्लासात ‘आईच्या हातचा’ पुठ्ठ्याचा डबा आहे, असं माझी गिऱ्हाइकं सांगतात. मी तिथे गेले की मात्र तो ठेवलेल्या कपाटाला कुलूप असतं.

अक्का, मोरचूद घातलेला डबा झुरळांनी खाल्ला कसा? याचं उत्तर मला तुझ्याच तोंडून हवं.