नाकवाल्यांचा गुडघा

नाकवाल्यांचं स्वतःचं नाक तसं बेताचंच होतं. सर्दीने वर्षातले चार महिने बंद असायचं. नाव पडलं ते कुत्रीमुळे. परदेशातून येणारी पार्सलं जिथे तपासतात, त्या जकातीच्या शेडमध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती आणि त्यातली शेवटची पाच चिंधीबरोबर. चिंधी म्हणजे तांबूस रंगाची, एक कान पडका असलेली कुत्री. पिल्लू असताना हाती लागेल त्या फडक्याच्या चिंध्या करायची, म्हणून चिंधी. तिचं काम एकच. सरकत्या पट्ट्यावरची खोकी हुंगत जायचं आणि भांग-गांजाचा वास आला की त्या खोक्यापुढे मुकाट बसायचं. भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही. ती बसली की नाकवाले खिशातून गुंडाळलेला टॉवेल काढून तिच्याकडे फेकायचे. एवढाच तिचा पगार.

एकदा ती बसली त्या खोक्यात लोकरीच्या मोज्यांशिवाय काहीच निघेना. सगळे हसले. नाकवाल्यांनी तळाचा पुठ्ठा उचकटला, तर खाली दुसरा पुठ्ठा आणि मधे माल. तेव्हापासून शेडमध्ये माणसाच्या सहीपेक्षा चिंधीच्या बसण्याला जास्त किंमत होती.

गुडघ्याने कुरकुर सुरू केली ती चौपन्नाव्या वर्षी. उजवा गुडघा. खोक्यांच्या थप्पीवर चढताना जेवढा दुखायचा त्याच्या दुप्पट उतरताना. सांगायची सोय नव्हती. ज्याचे पाय गेले त्याची बदली चौकशीच्या खिडकीवर, आणि कुत्रा दुसऱ्याच्या हातात, असा तिथला नियम. खिडकीवर बसायला नाकवाल्यांची ना नव्हती. पण बायको गेल्यापासून दिवसातले नऊ तास ज्या जिवाबरोबर काढले, तो दुसऱ्याच्या मागे जाताना बघायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून दर दहा पावलांवर थांबत. एवढ्या वेळा नाडी सुटणारा माणूस शेडच्या इतिहासात झाला नसेल.

घरी थोरली बहीण होती. ताई. तिने तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री फिरवली होती आणि दोन्ही मनगटं कामातून गेली होती. औषधांच्या दुकानातल्या बाईने तिला एक मलम दिलं होतं. "बोटभर घ्या, दहा मिनिटं चोळा, चट्टा उठला तर बंद करा आणि चमत्काराची वाट बघू नका," असं बाई म्हणाल्या. शेवटचं वाक्य ताईला खरेपणाचं वाटलं, म्हणून तिने डबा घेतला. महिनाभरात तिला बरणीचं झाकण स्वतःच्या हाताने उघडता येऊ लागलं.

ते मलम भांगेच्या झाडाच्या अर्काचं होतं. दुकानात राजरोस मिळत होतं, नशेचा अंश नाही असं डब्यावर छापलं होतं. पण झाकणावर ते टोकदार पात्यांचं पान होतंच. तेच पान, जे तिच्या भावाने जन्मभर लोकांच्या खोक्यांतून हुडकून काढलं. तो हे घरात टिकू देणार नाही, हे ताईला सांगायला ज्योतिषी नको होता. तिने सरळ कोल्ड क्रीमची रिकामी बाटली धुतली, मलम तीत भरलं, वास मारायला वर पेपरमिंटचे चार थेंब टाकले आणि बाटली भावापुढे ठेवली.

"काय आहे हे?"

"मलम."

"कसलं?"

"गुडघ्याचं. तुझी सगळी अक्कल जिथे आहे तिथे लाव, धाकट्या."

धाकट्याने लावलं. रोज सकाळी पाय स्टुलावर ठेवून दहा मिनिटं चोळायचं, ताई घड्याळ घेऊन समोर. दहाव्या दिवशी ते न थांबता जिना उतरले. गुण मलमाचा की चोळण्याचा, की कुणीतरी समोर बसून आपलं दुखणं बघतंय याचा, कोण जाणे. गुडघा पंचविशीचा झाला नाही, पण नाड्या सुटायच्या थांबल्या.

आणि मलम लावलं त्या पहिल्याच सकाळी चिंधी त्यांच्यापुढे येऊन बसली.

कुत्र्यांच्या खोल्यांचं दार त्यांनी उघडलं, ती धावत आली, उजव्या गुडघ्याला नाक लावलं आणि बसली. ताठ, मुकाट, टॉवेलची वाट बघत. नाकवाले हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना काळजी वाटली. फुकट टॉवेल मिळवायची सवय लागली तर कुत्रा कामातून जातो, हे ते नव्या लोकांना स्वतः शिकवत. त्याच्यावरचा उपायही ठरलेला होता. "नाही" म्हणायचं, तोंड फिरवायचं, दोरी ओढून पुढे चालू लागायचं. त्यांनी तो न चुकता केला. चिंधी बसायची, ते "नाही" म्हणायचे. बारा दिवस. तेराव्या दिवशी तिने गुडघा हुंगला, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि न बसता बाजूला झाली.

"शहाणी माझी," नाकवाले म्हणाले. अख्ख्या शेडला जिच्या नाकाचा भरवसा, तिच्यावर भरवसा नव्हता तो एकट्या नाकवाल्यांचा, आणि ते त्यांना कळलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात वार्षिक परीक्षा झाली. चाळीस खोकी, दोनांत माल. शेडच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कागद घेऊन उभ्या होत्या. चिंधी अकराव्या खोक्याशी थांबली, नाक फटीला लावलं, शेपटी ताठ झाली. मग तिने नाकवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. सव्विसाव्याशी तेच. माल त्या दोनांतच होता.

"वय झालं असेल," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ. तेव्हाही असंच झालं तर तिला काढावं लागेल. पहिला हक्क तुमचा, घरी न्या तिला."

घरी येऊन नाकवाल्यांनी ताईला सगळं सांगितलं. अकरावं खोकं, सव्विसावं खोकं, आणि मग कसं कोण जाणे, रोज सकाळी गुडघ्यापुढे बसायची तेही. ताईच्या हातातली पळी थांबली. ती आत गेली आणि माळ्यावरच्या डब्यामागून मलमाचा मूळ डबा घेऊन आली. पान वर करून तिने तो टेबलावर ठेवला.

नाकवाल्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बारा दिवस ती मला सांगत होती."

"मी तुला सांगायला हवं होतं," ताई म्हणाली. "तू लंगडत होतास, मला बघवत नव्हतं. चुकलं माझं."

"तुझं राहू दे गं. तुझ्यापेक्षा माझं मोठं आहे. तिने खरं सांगितलं आणि मी नाही म्हणालो. आता खोक्यातलं खरंसुद्धा ती मला विचारून ठरवते."

ताई खुर्ची ओढून बसली. तिला मोठ्या बाईंचं शेवटचं वाक्य चांगलं लक्षात होतं. "मग काही बोलूच नकोस ना. ती नापास झाली तर घरी येईल. तुला तेच हवं होतं."

खरंच तेच हवं होतं. बोललं की गुडघा उघडा पडणार, खिडकी नशिबी येणार आणि चिंधी दुसऱ्याच्या हातात जाणार. गप्प बसलं की ती याच घरात झोपणार. नाकवाल्यांनी मनातल्या मनात तिचं अंथरूण कुठे घालायचं तेही ठरवलं. खिडकीपाशी, पंख्याचा वारा लागेल असं. जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी ते त्या अंथरुणाभोवतीच फिरत होते.

"नापास म्हणून येईल ती," शेवटी ते म्हणाले. "आणि नापास मी आहे."

सकाळी त्यांनी मलम लावलं. मुद्दाम, बोटभर जास्त. डबा खिशात घालून ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि नाडीच्या सोंगापासून सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पुरावा?" त्यांनी विचारलं.

"चिंधीला विचारा."

चिंधीला आणलं. तिने गुडघा हुंगला, वर पाहिलं, नाकवाल्यांचा चेहरा वाचला आणि बाजूला झाली.

"बघा," नाकवाले म्हणाले. "हे मी शिकवलंय."

निर्णय त्याच दिवशी झाला. नाकवाले खिडकीवर, चिंधी वजनकाट्यावरच्या बाईच्या हातात, तिने कुत्रा हाताळायचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. परीक्षा महिनाभर पुढे ढकलली. मात्र मोडलेलं दुरुस्त करायला एक माणूस लागणार होता, आणि तो नाकवाल्यांखेरीज दुसरा कोण असणार? रोज सकाळी शेडमागच्या, पत्र्याचं छप्पर असलेल्या अंगणात पाच जण ओळीने उभे राहत, चौघे स्वच्छ धुतलेले आणि पाचवे मलम चोपडलेले नाकवाले. काटेवाली दोरी धरून चिंधीला ओळीपुढून नेई. नाकवाल्यांना हुकूम होता की वर बघायचं, बोलायचं नाही, डोळाही हलवायचा नाही.

"काका, तुम्ही छपराकडे असं बघता की गळतंय वाटतं," काटेवाली म्हणाली.

"गळतंयच," नाकवाले म्हणाले.

पहिले कित्येक दिवस चिंधी त्यांच्यापाशी आली की गुडघा हुंगून वर बघायची. तिची नजर त्यांना हनुवटीखाली जाणवायची. ते पत्र्याचे खिळे मोजत. बारा दिवसांत केलेलं उलटवायला दुप्पट लागले.

पंचविसाव्या दिवशी नखांचा टकटक आवाज त्यांच्यापाशी येऊन थांबला. गुडघ्याला ओलं नाक लागलं. मग काहीच नाही. नाकवाल्यांना राहवलं नाही, त्यांनी हुकूम मोडून खाली पाहिलं.

चिंधी बसली होती. ताठ, मुकाट, पूर्वीसारखी. पण त्यांच्या तोंडाकडे तिने पाहिलं नव्हतं. तिची मान वळली होती मागे, काटेवालीच्या खिशाकडे.

काटेवालीने टॉवेल फेकला. चिंधीने तो हवेतच पकडला आणि अंगणभर उड्या मारल्या. नाकवाल्यांचा हात आपसूक स्वतःच्या खिशाकडे गेला होता; खिशात मलमाचा डबा होता. "जमलं हो," ते म्हणाले आणि खिडकी उघडायची वेळ झाली म्हणून गेले.