पालखीची कामटी

आमच्या वाडीतले दत्तारामकाका सुतार टेपला हात लावत नाहीत. "टेप वाचा, आकडा डोक्यात ठेवा, परत वाचा. चुकायचीच सोय," म्हणतात. जुन्या तुकड्यावर बांबूची कामटी ठेवायची, तेवढीच तोडायची, सांध्यांपाशी खाचा पाडायच्या आणि तीच नव्या लाकडावर ठेवून कापायचं, ही त्यांची रीत.

यंदा ग्रामदेवीच्या पालखीची एक फळी किडली. गावकीत काहींना लांज्याचा मशीनवाला सुतार हवा होता. मीच भांडून काकांना काम दिलं. त्यांनी कामटी तयार केली आणि जुनी फळी रिवाजाप्रमाणे आरे-वारेच्या समुद्रात सोडली. पालखी कोठीत बंद झाली, ती आता शिमग्याच्या सकाळीच उघडणार. नव्या फळीसाठी गावाने फणसाचं जून लाकूड दिलं, तेही एकच.

काका कापायला बसले, तर कामटी जागेवर नाही.

"ती व्हय? चवळीच्या वेलाला लावलीय," काकांच्या घरच्या मथुराकाकू परसातून म्हणाल्या.

मी धावत जाऊन उपटून आणली. जमिनीत खुपसायला काकूंनी कोयत्याने तिचं एक टोक अणकुचीदार केलं होतं. किती तासलं गेलं, कुणाला ठाऊक! माझी पाचावर धारण बसली. काका ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते टोकावरून अंगठा फिरवत राहिले.

"अंदाजाने कापा ना," मी चिडून म्हणालो.

"गावाच्या लाकडावर अंदाज? देवीला काय तोंड दाखवू रे?"

काकू न्हाणीकडे धावल्या. न्हाणीच्या चुलीशी जळणाची टोपली होती, ती त्यांनी अंगणात पालथी केली. चूल पेटलेली होती. कामटीची तासलेली ढलपी जळून गेली असेल तर? आम्ही तिघं मातीत बसून एकेक ढलपी टोकाला लावून बघत होतो. शेवटी एक बसली, सरळ कापलेल्या कडेसकट. काकूंनी ती अंगठ्याने दाबून धरली आणि काकांनी लाकडावर खूण केली.

शिमग्याच्या सकाळी कोठी उघडली. मशीनवाल्याची बाजू घेणारे सगळे पुढेच उभे होते. काकांनी फळी सांध्यांत टेकवली, तळहाताने एक थाप दिली. बसली! ढोल वाजू लागले. काका मात्र पायरीवरच खाली बसले. काकू पदराने डोळे पुसत जवळ आल्या.

"फुडल्या वर्षी," काका म्हणाले, "चवळीला काठ्या मी आणून देईन गो."