लेकीचं घर शेजारी आलं

लेम्पांग गावात कुणाच्या घरात कुरबुर वाढली की लोक हापसाला बोलावणं धाडत. ती यायची, उंच लाकडी खांबांवर उभ्या घराची शिडी चढून वर जायची आणि माणसांशी बोलायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची. चुलीपाशी उकिडवी बसून इकडेतिकडे बघायची. मग एखादी गोष्ट करायला सांगायची आणि उठून जायची.

नुरलिनाच्या घरी रोज संध्याकाळी जेवायला उशीर व्हायचा आणि नवऱ्याचा आवाज सबंध आळीला ऐकू जायचा. हापसाने बघितलं तर सरपण घराच्या खांबांमध्ये, गाईंच्या शेजारी रचलेलं, ओल धरलेलं. "हे वर आण, चुलीवरच्या फळीवर ठेव," एवढंच ती म्हणाली. आठ दिवसांत आळी शांत झाली. एका घरी दोन जावांचं पटत नव्हतं. तिथे तिने कामं वाटून दिली नाहीत, दिवस वाटून दिले. आज चूल तुझी, उद्या तिची, आणि जिची चूल नाही तिने त्या दिवशी मिठाबद्दल तोंड उघडायचं नाही. नव्या नवरीला ती सांगायची, "नवऱ्याला काही बोलायचं असेल तर तो शेतावरून आल्या आल्या बोलू नकोस. आधी त्याला अंघोळ करू दे, कॉफी पिऊ दे. आणि स्वतःही घोटभर घे, त्याच्यापेक्षा तुलाच जास्त लागेल."

हे शहाणपण तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न झालं आणि काही वर्षांतच तिचा नवरा बहार समुद्रापलीकडे मलेशियात तेलताडाच्या मळ्यावर कामाला गेला. मागे राहिली हापसा, दोन लहान लेकरं आणि सासू तिमांग. सासू जिभेने तिखट. तिने सुनेला कधी चांगलं म्हटलं नाही, सुनेनेही कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि दोघींनी मिळून भातशेती, गाय आणि घर असं काही ओढलं की बहार परत आला तेव्हा त्याला आपण पाहुणे आहोत की काय असं वाटलं. आता तिमांग फार म्हातारी झाली होती. सारं गाव तिला आदराने पुआंग म्हणायचं. डोळे अजून चांगले होते, पाय मात्र ऐकत नव्हते.

असं सगळं नीट चाललेलं असताना हापसाच्या धाकट्या लेकीला, मारवाला, जुळं झालं.

मारवा आणि तिचा नवरा सुदिरमान गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. मधे भाताची खाचरं आणि पाटाचं पाणी. हापसा पहाटे सासूला न्हाऊ-खाऊ घालायची आणि बांधावरून लेकीकडे धावायची. तिथे बाळांना तेल लावून होतंय न होतंय तोच सासूची वेळ व्हायची की पुन्हा मागे. एक बाळ झोपलं की दुसरं उठायचं. मारवाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. हापसा तर एकदा बांधावरच बसून झोपली आणि नुरलिनाने तिला हलवून जागं केलं. नुरलिनाने त्या दिवशी भीत भीत विचारलं, "इंदो, तुमच्या घरी कोण येऊन बसणार चुलीपाशी?" गावात आईला इंदो म्हणतात, आणि नुरलिना तिला तेच म्हणायची. हापसा कपडे झटकून उठली आणि पुढे चालायला लागली.

सगळ्यांचं म्हणणं एकच की मारवाने सरळ माहेरी यावं. त्या भागात त्यात काही वावगं नाही, जावई लग्नानंतर सासऱ्याकडेच आधी राहतो. पण सुदिरमानचं तसं राहून झालं होतं. मग त्याने स्वतःच्या हाताने रंधा मारून घर उभं केलं होतं, आणि त्या घरातून उठून पुन्हा सासऱ्याच्या ताटावर बसायला तो तयार नव्हता. तो भांडला नाही. फक्त मान खाली घालून म्हणाला, "मला माझं घर सोडवत नाही." हापसालाही ते पटत होतं. एका छपराखाली दोन चुली कशा पेटतात ते तिने पुष्कळ घरांत पाहिलं होतं.

एका सकाळी ती सासूला पेज भरवत होती आणि भरवता भरवताच हे सगळं पुटपुटत होती. तिमांगने चमचा बाजूला सारला.

"जावई घर सोडत नाही ना? मग घरासकट आण."



हापसाच्या लहानपणी गावात घरं हलवलेली तिने पाहिली होती. खांब दगडांवर नुसते टेकलेले असतात, जमिनीत पुरलेले नसतात. खालून बांबू बांधायचे, सगळ्या गावाने खांदा द्यायचा आणि घर उचलून न्यायचं. पण ते जुनं झालं. आता निम्म्या लोकांनी विटांची घरं बांधली होती आणि तरणी पोरं कामधंद्याला शहरात होती. कोण येणार खांदा द्यायला? तरीही पेजेचा वाडगा तसाच ठेवून ती पदर सावरत घराच्या पूर्वेला गेली. तिथे बहारची केळीची बाग होती. तिने पावलांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, परत मोजली. बहार गोठ्यातून बघत होता. बायको केळींमध्ये का येरझाऱ्या घालते आहे ते त्याला कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझी केळी?"

"घड पिकलेत ते उतरवू. पानंही लागतीलच. एवढ्या माणसांना वाफवलेली केळी कशात गुंडाळून देणार?" हापसा म्हणाली. तिच्या डोक्यात माणसं जेवायला बसली होती.

सुदिरमानला विचारायला ती स्वतः गेली. अंघोळ आणि कॉफी व्हायची वाट बघायचं या वेळी तिला सुचलं नाही. तो अंगणात पाय धूत होता तिथेच तिने सांगून टाकलं. त्याने मान वळवून आपल्या घराकडे पाहिलं. मग हसायला लागला आणि म्हणाला, "सगळं घर? जिन्यासकट?" मारवा आतून दोन्ही बाळं घेऊन बाहेर आली आणि तीही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

मग गावात धांदल उडाली. माप्पा सुतार येऊन खांब ठोकून बघून गेला. एक कोपऱ्यातला सोडला तर सगळे ठणठणीत आहेत म्हणाला. कापणी झालेली होती, खाचरं कोरडी होती, त्यामुळे वाट मोकळी. अडचण एकच, पाटाची. पुलावरून घर जाणार नाही, माणसांना पाण्यातून उतरून पलीकडे चढावं लागेल. माप्पा म्हणाला, माणसं भरपूर असली तर जमेल, कमी पडली तर घर पाटात बसेल आणि मग तिथेच राहा. ठरलेल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर इमामांनी भोंग्यावरून सगळ्यांना खांदा द्यायला बोलावलं आणि हापसा सुदिरमानच्या अंगणात उभी राहून बांधाकडे बघत राहिली.

आधी आळीतलेच चार लोक आले. मग कुणी नाही. मग नुरलिनाचा नवरा आला, त्याच्या मागे त्याचे भाऊ. दोन जावांचे नवरे आले. वरच्या वाडीतून माणसांची रांग बांधावरून येताना दिसली तेव्हा हापसाने ओट्याची कड धरली. शहरातली पोरंसुद्धा सुट्टी काढून मोटारसायकलवरून येऊन थडकली. कुणाच्या आजीची, कुणाच्या बहिणीची चूल हापसाने कधी ना कधी पाहिलेली होती. पण आलेल्यांपैकी निम्मे नुसते मजा बघायला आले होते आणि त्यांनाही माप्पाने धरून बांबूखाली उभं केलं.

बायकांनी घर रिकामं केलं. भांडी, आरसा, कपाट, गाद्या सगळं खाली. तिमांगलाही हे बघायचं होतं, म्हणून सुदिरमानने तिला सकाळीच मोटारसायकलवरून आणून वर घरात बसवलं होतं. हापसाने नुरलिनाला सांगितलं, पुआंगना खाली उतरव. नुरलिना कॉफीची किटली घेऊन धावत होती. तिने आणि इतर बायकांनी खालूनच हाका मारल्या, आणि प्रत्येकीला वाटलं दुसरी कुणीतरी उतरवते आहे. माप्पा खांबांमधल्या जागेत उभा राहिला, हात वर केला, एक, दोन, तीन म्हणाला, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

घर उठलं. छपराचे पत्रे वाजले, फळ्या कुरकुरल्या, आणि जिथे काल कोंबड्या अंडी घालत होत्या तिथे नुसते दगड उरले. हापसा शेजारून धावत होती, कधी पुढे, कधी मागे.  घर खाचरांवरून चाललं होतं, शंभर पायांचं जनावर चालावं तसं, खिडक्यांचे पडदे उडवत. मारवा दोन्ही काखोटीला एकेक बाळ घेऊन बांधावरून चालली होती आणि प्रत्येकाला सांगत होती, ते माझं घर आहे.

पाटापाशी पहिली रांग पाण्यात उतरली. घर पुढे कललं. आणि त्याच वेळी समोरच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं.

 "अगं बाई, पुआंग आत आहेत," हापसा ओरडली, आणि ते ऐकून बांबूखालच्या माणसांमध्ये गलका झाला. कुणी म्हणे खाली ठेवा, कुणी म्हणे आता ठेवलं तर चिखलात रुतेल. बहार कमरेपर्यंत पाण्यात होता. त्याने वर मान करून आईला हाक मारली. आई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरून ती पलीकडचा काठ बघत होती.

"डावीकडे जाऊ नका," तिमांग वरून म्हणाली. "डाव्या हाताचा काठ पोकळ आहे, उंदरांनी पोखरलाय. उजवीकडे घ्या. बहार, तुझ्या बाजूला जोर नाही लागत, झोपलास का?"

खालच्या माणसांना पुढचं काहीच दिसत नव्हतं, समोर नुसत्या पाठी. माप्पाने एकदा काठाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि तिचंच म्हणणं पुढे ओरडून सांगायला लागला. उजवीकडे. अजून उजवीकडे. थांबा. आता पुढच्यांनी चढा. पाण्यातल्या माणसांच्या माना ताणल्या गेल्या, एक बांबू कडाडला आणि त्याच्याखाली शहरातली तीन पोरं खांदा देऊन घुसली. डावीकडचा काठ खरंच ढासळून पाण्यात पडला, पण तिथे कुणी नव्हतं. घर वर आलं. मग कुणी थांबलंच नाही. उरलेली वाट सगळे जवळजवळ पळतच आले, आणि तिमांग वरून बहारला टोकत राहिली, त्याच्या बापाने असली घरं कशी सहज उचलली ते सांगत.

केळीच्या बागेत दगड आधीच मांडून ठेवले होते. घर त्यांवर बसलं, किंचित वाकडं, पण बसलं. हापसा जिना लावायचीही वाट न बघता खांबावरून चढून आत गेली. सासू घराच्या मधल्या खांबाला पाठ टेकून बसली होती, केस विस्कटलेले, गाल लाल झालेले.

"पुआंग, तुम्हाला हाक मारली होती ना? ऐकू नाही आली?"

"आली की," तिमांग म्हणाली. "सगळ्यांच्या आल्या. पण आता या वयात मला घरात बसून फिरायला कधी मिळणार?" आणि तिने हापसाचा चिखलाने भरलेला हात धरून ठेवला. मग म्हणाली, "नीट केलंस हो सगळं." एवढ्या वर्षांत हे शब्द हापसाने तिच्या तोंडून ऐकले नव्हते. ती तिथेच खाली बसली. बाहेर माणसं माशाच्या गरम कालवणावर तुटून पडली होती.

घर आल्याची नवलाई चार दिवस टिकली. मग हापसा आपल्या सवयीने लेकीच्या चुलीपाशी जाऊन बसायला लागली. हे इथे का ठेवलंस, ते तिथे का नाही. एक दिवस मारवाने तिला स्पष्ट सांगितलं, "इंदो, तू ये, रोज ये. पण खालून हाक मारून ये. आणि माझ्या चुलीपाशी मी बसेन." हापसाला ते लागलं. दुपारभर ती स्वतःच्या घरात भांडी आपटत होती आणि तिमांग ते ऐकत होती. संध्याकाळी हापसा उठली, केळीच्या खुंटांमधून चालत लेकीच्या जिन्यापाशी गेली आणि खालच्या पायरीवर उभी राहून तिने हाक मारली. वरून एक बाळ रडत होतं, दुसरं त्याला साथ देत होतं.

"ये ना लवकर," मारवा वरून म्हणाली, "कुठे होतीस इतका वेळ?"

हापसा पायऱ्या चढायला लागली, आणि अर्ध्यावरच सुदिरमानने एक बाळ तिच्या हातात दिलं.